डाव्या दाराचा खटका

"आज बारा वाजायच्या आत गाडीचं डावं दार आतून उघडून दाखवलं नाही, तर नाव बदलीन!"

शनिवारी सकाळी सात वाजता टायपरकाकांनी स्वयंपाकघरात उभं राहून असं जाहीर केलं. ऐकायला कुणी नव्हतं. पण काकांना मोठ्याने जाहीर करायची सवय होती आणि इतकी वर्षं समोर ऐकायला बायको असायची. आता समोर दुधाचं पातेलं होतं. ते उतू गेलं.

काका टाइपरायटर दुरुस्त करायचे. पस्तीस वर्षं त्यांनी कचेऱ्याकचेऱ्यांतून अडकलेल्या कळा सोडवल्या, म्हणून सगळी इमारत त्यांना टायपरकाका म्हणायची. पुढे टाइपरायटर संपले, पण काकांची बोटं काही निवृत्त झाली नाहीत. "जिथे बारीक सळई आहे, बारीक स्प्रिंग आहे, तिथे माझा हात आपोआप चालतो," असं ते सांगायचे. मग गाडीच्या दाराचं कुलूप म्हणजे तरी काय? चार सळया आणि दोन स्प्रिंगा! टाइपरायटरचा धाकटा भाऊच की तो!

आता या दाराची हकिकत सांगायला हवी. काकांच्या जुन्या गाडीचं डावं दार बाहेरून उघडायचं, आतून नाही. बारा वर्षं झाली! आतली कडी ओढली की ती नुसती हलायची, कंटाळलेल्या कारकुनाने मान हलवावी तशी. त्यामुळे कुठेही गेलं की काका आधी स्वतः उतरायचे, गाडीला वळसा घालून पलीकडे जायचे आणि बायकोसाठी दार उघडायचे. उन्हात टोपी घालून, पावसात छत्री घेऊन.

ही निव्वळ यंत्राची अडचण होती. पण इमारतीतल्या बायकांना ते कोण सांगणार!

"बघा, बघा जरा! साठी उलटली तरी बायकोसाठी दार उघडतात. नाहीतर तुम्ही! माझा एक पाय गाडीत असतो आणि तुम्ही निघालेले असता!" असं प्रत्येक बाल्कनीतून ऐकू यायचं. नवरेमंडळी काकांना जिन्यात गाठायची. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचे 'अहो' तर एकदा हात जोडून म्हणाले, "काका, का आमच्या संसारात विष कालवताय?"

"अहो, कुलूप बिघडलंय!" काका कळवळून सांगायचे.

"विनय तरी किती!" बायका म्हणायच्या.

काकांनी कुलूप दुरुस्तही करायला नेलं होतं. गाड्यांच्या दारांची कुलपं दुरुस्त करणारे खटकामामा दरवेळी सांगायचे, "पार्ट मिळत नाही." स्वतः हात घालू म्हटलं तर काकू म्हणायच्या, "राहू द्या हो, चाललंय ना!" आणि हसायच्या.

काकू गेल्या त्याला दहा महिने झाले. डाव्या सीटवर आता भाजीची पिशवी बसायची. तिच्यासाठीसुद्धा काका वळसा घालून जायचे आणि बाहेरून दार उघडायचे. कोबीच्या गड्ड्यासाठी दार उघडणारा माणूस पाहून अहोंनी कपाळावर हात मारला.

आणि मग तळमजल्यावरच्या ग्रंथपालबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

बाई एकट्या राहायच्या. कडक शिस्तीच्या. तीस वर्षं वाचनालयात काढल्यामुळे त्या कायम कुजबुजत बोलायच्या. घराला आग लागली असती तरी त्यांनी ते कुजबुजतच सांगितलं असतं. ऑपरेशननंतर पाय वाकवायला बंदी होती. पुढची सीट पार मागे सरकवून पाय सरळ ठेवला तरच गाडीत बसता यायचं. काका म्हणाले, "रोज मी सोडतो की वाचनालयात!" शेजारधर्म, दुसरं काय! सोमवारपासून सुरुवात झाली. वाचनालयापाशी पोचलं की काका उतरायचे, वळसा घालायचे, दार उघडायचे.

बुधवारी वरून वहिनींचा आवाज आला, "काका, पुन्हा दार उघडायला लागलात! बरं वाटलं हो बघून!"

गुरुवारी सगळ्या इमारतीला बरं वाटलं.

काकांच्या लेकीने आई गेल्यावर वहिनींना आपला नंबर देऊन ठेवला होता. "बाबांकडे जरा लक्ष ठेवा," एवढंच म्हणाली होती बिचारी. वहिनींनी लक्ष ठेवलं. शुक्रवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही हल्ली कुणासाठी तरी दार उघडता म्हणे?"

"अगं, कुलूप बिघडलंय!"

"हे मी इतकी वर्षं ऐकतेय, बाबा. मला आवडायचं ते. तुम्ही लाजून असं सांगता ते. मी नाही म्हणणारी कोण? पण आईला जाऊन वर्षही झालं नाही. आणि तेच दार, तशीच फेरी... दुसरं काही तरी शोधायचं होतंत."

फोन ठेवल्यावर काका बराच वेळ पलंगावर बसून राहिले. लोक काय म्हणतात याची त्यांना पर्वा नव्हती. पण लेकीने असं समजावं? आपण तिच्या आईला इतक्यात विसरलो असं? छे! आता एकच उपाय. दार आतून उघडलं पाहिजे. बाई आपल्या हाताने दार उघडून उतरतील आणि काका आपल्या सीटवर दगडासारखे बसून राहतील. बघू मग कोण काय बोलतं!

म्हणून शनिवारची ती घोषणा.

साडेसातला काका हत्यारांची पेटी घेऊन खाली उतरले. पहिले दोन स्क्रू सुतासारखे निघाले. मग काच वरखाली करायचा दांडा काढताना त्याची चिमुकली क्लिप टुणकन उडाली आणि कुंड्यांच्या रांगेत कुठेतरी कायमची राहायला गेली. "क्लिपेवाचून काही अडत नाही!" काका म्हणाले. दाराचं आतलं पॅड ओढलं तर कट कट कट असे सहा खिळे तुटले. "जुनेच होते!" काका म्हणाले.

आत त्यांना हवं ते दृश्य दिसलं. एक सळई एका टोकाला सुटून नुसती लोंबकळत होती!

"सापडलीस!" काका ओरडले. "बारा वर्षं पार्ट मिळत नाही म्हणे! पार्ट इथे लोंबकळतोय!"

त्यांनी सळई जवळच्या भोकात अडकवली. तेल घातलं. आतली कडी ओढली. आत काहीतरी हललं आणि खट् असा गोड, भरदार आवाज आला. आता कुलपाची गंमत अशी, की दार उघडताना जसा खट् आवाज येतो, तसाच तो दार बंद होतानाही येतो. पण काकांचे डोळे भरून आले होते. दार एकदा लावून बघावं हे त्यांना सुचलंच नाही.

तेवढ्यात फोन वाजला. हात तेलाने बरबटलेले. काकांनी कोपराने बटण दाबलं, फोन गाडीच्या टपावर ठेवला आणि पुन्हा दारात डोकं घातलं. फोन लेकीचा होता.

"बाबा, काल मी जरा—"

"जमलं! एकदाचं जमलं!"

"काय जमलं?"

"ग्रंथपालबाईंचं गं! काल तुझं बोलणं मनाला लागलं. म्हटलं, लोकांना बोलायला जागाच ठेवायची नाही. सकाळीच उरकून टाकलं!"

पलीकडून हळूच, "उरकून... टाकलं?"

"दोन तासांत! वाटलं होतं, फार कुरकुर होईल. पण जरा गोंजारलं आणि खट्कन जुळलं!"

"बाबा, आईच्या वेळी तुम्ही—"

"तेच तर! तुझ्या आईच्या वेळी बारा वर्षं नुसतं ढकलत नेलं. तेव्हा अक्कल सुचली नाही, ती आता या वयात सुचली!"

"बाईंना माहीत आहे का?"

"छे! त्यांना कुठे माहीत आहे! आता नेताना सांगतो."

"त्यांना माहीतच नाही आणि तुमचं जमलं?"

"त्यांनी फक्त हात लावायचाय. बाकी सगळं माझं मी केलंय!"

"बाबा, मी निघतेय. आत्ता. तोवर कशालाही हात लावू नका."

"ये की! वाचनालयापाशीच ये. सगळ्यांसमोर दाखवतो!"

काकांनी पॅड जमेल तसं चिकटवलं. खिशात एक छोटी पितळी क्लिप उरली होती. ती कुठून निघाली ते आठवेना, म्हणून त्यांनी ती खिशातच ठेवली.

बाई आल्या, पाय सरळ करून बसल्या. काकांनी दार लावलं. खट्! काय तो आवाज! वाटेत काकांनी फक्त एवढंच सांगितलं, "आज एक गंमत आहे."

वाचनालयापाशी गाडी थांबली. शनिवार हा पुस्तकं बदलायचा दिवस. दारात पंधरा-वीस वाचक, त्यांत वहिनी आणि अहो. काका दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ओढा कडी, बाई! स्वतःच्या हाताने!"

बाईंनी कडी ओढली. खट्! दाराच्या कुलपाची खुंटी खाली गेली.

पुन्हा ओढली. खुंटी आणखी खाली गेली आणि दिसेनाशी झाली.

"काका," बाई कुजबुजल्या, "हे उघडत नाहीये. हे मिटतंय."

काका धावत पलीकडे गेले. बाहेरची कडी ओढली. ढिम्म! किल्ली घातली. ती गोल फिरली, पुन्हा गोल फिरली, पंख्यासारखी फिरत राहिली. खिशातली पितळी क्लिप कुणाची होती ते काकांना आता आठवलं.

"तुमच्या बाजूने उतरू?" बाईंनी विचारलं आणि मग आपल्या पायाकडे आणि मधल्या गिअरच्या दांड्याकडे पाहिलं. ते शक्य नव्हतं. काच खाली करायला गेल्या तर दांडा हातात आला. काच चार बोटं उघडी होती, ती चार बोटंच राहिली. काकांनी खटकामामांना फोन लावला.

तोवर वाचकांची चुळबुळ सुरू झाली. बाईंनी चार बोटांच्या फटीतून वाचनालयाची किल्ली शिपायाला दिली. पण तारखेचा शिक्का? "शिक्का माझ्या हातातून जाणार नाही," बाई कुजबुजल्या. तेव्हा रांगच गाडीपाशी आली! एकेक वाचक पुस्तक फटीतून आत सरकवायचा, बाई मांडीवरच्या पर्सवर ठेवून ठप्प करून शिक्का मारायच्या आणि पुस्तक बाहेर यायचं. जाड कादंबऱ्या फटीतून जाईनात. कवितासंग्रह मात्र सुळकन जायचे. त्या दिवशी गावात कवितेचे वाचक जितके वाढले तितके पुन्हा कधी वाढले नाहीत.

वहिनींची पाळी आली. "बाई, झालंय तरी काय?" त्यांनी काचेला कान लावला. बाई कुजबुजल्या. रस्त्यावरून ट्रक गेला. वहिनींना ऐकू आलं ते इतकंच: "...काकांमुळे... अडकले... आता सुटका नाही..."

वहिनी छातीवर हात ठेवून मागे वळल्या. "अहो, ऐकलंत का? बाई अडकल्या! स्वतःच्या तोंडाने सांगतायत! इतकं जमलंय, इतकं जमलंय, की गाडीतून उतरायलाच तयार नाहीत!"

नेमकी याच क्षणी लेकीची गाडी येऊन थांबली. तासाभराचं अंतर तिने चाळीस मिनिटांत कापलं होतं. तिने पाहिलं ते असं: भोवती गर्दी, गाडीत बाई, आणि काचेच्या फटीला तोंड लावून तिचे वडील म्हणतायत, "घाबरू नका, मी आहे ना!"

"बाबा, आधी बाहेर या!"

"मी बाहेरच आहे! आत त्या आहेत!"

"बाई, मग तुम्ही उतरा."

"तेच तर जमत नाही," बाई कुजबुजल्या.

"जमत नाही? सकाळी तर बाबा म्हणत होते, जमलं!"

"सकाळी जमलं होतं गं! इथे येऊन बिघडलं!"

"दोन तासांत?" वहिनी किंचाळल्या.

"खटका उडाला ना!" काका हताशपणे म्हणाले.

"अरेरे! इतक्यात खटका उडाला!" सगळी रांग हळहळली. "पहिल्याच दिवशी!"

"अहो, भांडणाचा नाही! कुलपाचा खटका! कुलूप बिघडलंय!"

बारा वर्षांत काकांनी हे वाक्य शेकडो वेळा म्हटलं असेल. नेहमीप्रमाणे कुणाचाच विश्वास बसला नाही. लेक तर त्यांच्याकडे पाहतही नव्हती. ती डोळे पुसत होती.

आता बाईंनी काचेवर शिक्का आपटला. "मुली, इकडे ये. मला कुणी विचारलं का, मला हा माणूस पसंत आहे की नाही ते?"

"नाही..."

"नाहीये! यांनी घरगुती दुरुस्तीचं पुस्तक नेलंय, ते आठ महिने परत केलेलं नाही!"

एवढ्यात स्कूटर फटफटवत खटकामामा आले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. काकांच्या बाजूने आत शिरले, बाईंना "पाय जरा सांभाळा" म्हणाले आणि पॅडला हात लावला. पॅड केळ्याच्या सालीसारखं निघालं. मामांनी आत बॅटरी मारली.

"ही सळई कुणी जोडली?"

"मी!" काका म्हणाले.

"कशाला जोडली?"

"लोंबकळत होती!"

"लोंबकळणारच! मी काढून ठेवली होती ती!"

आणि मामांनी जीभ चावली. पण तोंडून गेलं ते गेलं.

"काढून ठेवली होती?" काकांनी विचारलं. "तुम्ही तर म्हणायचा, पार्ट मिळत नाही!"

मामांनी बॅटरी विझवली. "आता बोललोच आहे तर सांगतो. काकूंना शब्द दिला होता. कुलूप बिघडलं होतं ते खरं. पण मी ते अर्ध्या दिवसात दुरुस्त केलं होतं. बारा वर्षांपूर्वीच! गाडी न्यायला काकू आल्या. म्हणाल्या, झालं का दुरुस्त? म्हटलं, झालं. तर म्हणाल्या, मग परत बिघडवा."

"बिघडवा?"

"मलाही कळेना. तेव्हा त्या म्हणाल्या, मामा, या माणसाबरोबर पंचवीस वर्षं चालतेय, म्हणजे मागून चालतेय. गाडीतून उतरला की तरातरा पुढे. बाजारात मला याची नुसती पाठ दिसते. हे दार बिघडल्यापासून दोन आठवडे झाले, उतरून माझ्या बाजूला येतो. आणि आलाच आहे म्हणून मग शेजारून चालतो. तेव्हा ती सळई काढा, आणि याला सांगा, पार्ट मिळत नाही."

इतकी शांतता बाईंना वाचनालयात तीस वर्षांत एकदाही मिळाली नव्हती.

मग अहो पुढे आले. त्यांचा चेहरा जन्मठेपेतून सुटलेल्या माणसासारखा फुलला होता. "ऐकलंस? ऐकलंस का गं? कुलूप होतं, कुलूप! बारा वर्षं मला ज्याचे टोमणे मारलेस, ते बिघडलेलं कुलूप होतं!"

"ऐकलं!" वहिनी नाक ओढत म्हणाल्या. "आणि ते कसं बिघडवून घ्यायचं तेही ऐकलं."

लेक वडिलांजवळ आली. "म्हणजे तुम्ही खरंच सांगत होतात? मी पण कधी खरं मानलं नाही." मग तिने विचारलं, "तुम्ही वळसा घालून येईपर्यंत आई आत बसून काय करायची हो?"

"काही नाही. हसत बसायची," काका म्हणाले. "मी म्हणायचो, हसतेस काय, दार बिघडलंय!"

लेकीला एकदम हसू फुटलं. हसताहसता तिने त्यांच्या तेलकट शर्टात तोंड खुपसलं. काकाही हसायला लागले. रडत होते की हसत होते ते त्यांनाच कळत नव्हतं, पण आवाज हसण्याचा होता.

"सांगा आता," आतून मामा म्हणाले, "सळई नीट जोडून देऊ, की काढून ठेवू?"

"जोडा!" सगळे नवरे ओरडले.

"काढा!" सगळ्या बायका ओरडल्या.

काकांनी लेकीकडे पाहिलं.

"काढूनच ठेवा, मामा," लेक म्हणाली. "आणि बाबा, बाईंसाठी खुशाल दार उघडा. कुणी काही म्हणालं तर माझा नंबर द्या."

"ठरलं असेल," फटीतून कुजबुज आली, "तर मला आधी बाहेर काढा."

मामांनी आत बोट घालून काहीतरी हलवलं. खट्! काकांनी बाहेरून कडी ओढली आणि दार उघडलं. बाई काठी टेकत उतरल्या. त्यांना वाचनालयाच्या दारापर्यंत सोडायला काका निघाले. चार पावलं पुढे गेले, थबकले, आणि परत मागे येऊन त्यांच्या शेजारून चालू लागले.

पुढच्या सोमवारी खटकामामांच्या दुकानासमोर नऊ गाड्यांची रांग होती. प्रत्येक गाडीबरोबर एकेक बाई होती, आणि त्यांत पहिल्या वहिनी. मामांनी नऊच्या नऊ गाड्यांची डावी दारं तपासली. सगळी आतून उत्तम उघडत होती. तक्रार तीच होती!